अंगाऱ्यातली गोळी

"तोंड उघड," चिंधूबाबा म्हणाले.

"आधी तुमी उघडा. दात किती ऱ्हायलेत बघू दे."

"झुंबर..."

"जोडीनं असतील तर गोळी खाईन. एकटा उरत आसंल तर नाय खाणार. तुमचाच कायदा हाय ना, बाबा?"

चिंधूबाबांनी खरंच तोंड उघडलं. माझी बहीण वाकली, समईची वात जरा पुढे ओढली आणि बाजारात बैल पारखावा तसं त्यांच्या तोंडात पाहू लागली. भिंतीला टेकून बसलेली बाबांची म्हातारी पदर तोंडात धरून हसत होती.

"चार हायेत," झुंबर म्हणाली. "पण त्यातला एक हालतोय. उद्या काय करणार?"

"उद्याचं उद्या. तू आजचं तोंड उघड."

मग तिनं उघडलं. बाबांनी देवाच्या टोपलीतून पांढरी गोळी काढली, कळसूबाईच्या टाकाला लावली, अंगाऱ्यात घोळवली आणि तिच्या जिभेवर ठेवली. उरलेला अंगारा तिच्या कपाळाला लावला. ती तांब्यातलं पाणी प्यायली आणि तोंड पुसत मला म्हणाली, "चल अक्का. भात करपंल."

रोज दिवेलागणीला हे असं चालायचं. या गोष्टीला किती वर्षं झाली ते आता बोटांवर येत नाही. मी नाशकाला मुलाकडे असते. माझ्याही गोळ्या आहेत, रक्तदाबाच्या, हाडांच्या. सून संध्याकाळी वाटीत काढून ठेवते. ती वाटी हातात घेतली की अजून माझ्या कानात पहिल्यांदा तेच शब्द येतात, तोंड उघड.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत, कोदणवाडी. तीसेक घरं, सगळी महादेव कोळ्यांची. मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. माझे यजमान वनखात्यात, महिन्यातून दोनदा घरी यायचे. झुंबर माझ्या पाठची. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती, म्हणून मीच तिला न्हाऊ-माखू घातलं, मीच तिची वेणी घातली आणि मीच तिला घाटाखाली चांगलं घर बघून दिलं. तिसऱ्या वर्षी सासरच्यांनी तिला जीपमधून आणून माझ्या ओट्यावर सोडलं. शेजारी तिची पत्र्याची पेटी ठेवली. "हिला बाहेरचं लागलंय," एवढंच म्हणाले आणि जीप वळवून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तिच्या घोट्यांवर दोराचे वळ होते.

तिला आवाज यायचे. पाण्यातून यायचे, चुलीतून यायचे. लहानपणी आमच्याकडे एक कपिली कालवड होती, ती कड्यावरून पडून मेली होती. ती हंबरते, म्हणायची, तिला आणायला कुणी जात का नाही. सासरी तिला चहातून काहीबाही पाजलं होतं, कुणा वैदूचं. त्यामुळे आपल्याला चोरून काही घालतात हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मी दिलेल्या भाकरीचा तुकडासुद्धा ती आधी मला खायला लावायची. मी खायचे. देवळात नेऊन मी तिला शब्द दिला होता, "तुला चोरून काही घालणार नाही. जे देईन ते सांगून देईन." तो शब्द होता म्हणून ती माझ्या घरात राहिली.

खाली राजण्याला सरकारी दवाखाना होता. तिथे डोक्याचा डॉक्टर म्हणून कुणी कधी आलंच नव्हतं. नेमणूक व्हायची, बोर्डावर नाव चढायचं, पण माणूस यायचा नाही. मग सरकारनं एक योजना काढली. अशा आडरानात जो मनोविकाराचा डॉक्टर येईल त्याला पगारावर घसघशीत भत्ता, आणि तीन वर्षं काढली की मागेल त्या शहरात बदली. तेव्हा ओगले डॉक्टर आले. तरुण, किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेली. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "बाई, मला कुणी संतबिंत समजू नका. मी भत्त्यासाठी आलोय. पण आलोय तर काम करीन."

मला ते बोलणं आवडलं. काही न सांगता येणारे आणि काही न सांगता जाणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते.

डॉक्टरांनी झुंबरला गोळ्या दिल्या. तिनं त्या माझ्यासमोर एकेक करून अंगणात थुंकल्या, कोंबड्यांना "खावा गं बायांनो, शान्या व्हा" असं सांगून. मी हात टेकले. शेवटी मीच डॉक्टरांना चिंधूबाबांकडे घेऊन गेले.

चिंधूबाबा आमच्या वाडीचे भगत. पंचक्रोशीत नाव. कुणाचं मूल रडत राहिलं, कुणाची गाय आटली, कुणी बाई घुमायला लागली की लोक त्यांच्याकडे येत. ते सूप पुढ्यात घेत, चिमूटभर तांदूळ टाकत आणि बोटानं दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावत. एक दाणा एकटा उरला तर ते देवाकडचं, त्यावर अंगारा-उतारा करायचा. सगळ्यांची जोडी लागली तर म्हणत, "हे माझ्याकडचं नाय. दुसरीकडं बघ." कुणाकडून पैसा घेत नसत. नारळ घेत, मूठभर तांदूळ घेत, चहा पीत. बरं वाटल्यावर कुणी कोंबडं आणलं तर ते देवाला. त्यांच्या गुरूनं विद्या देताना घातलेली अट होती ती, आणि आमच्याकडच्या सगळ्या भगतांना तीच असते. देवाच्या कामाला पैसा लागला की हात उतरतो. मग तो अंगारा म्हणजे चुलीतली राख. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा दुसऱ्याच्या खाचरात लावणीला जात, त्याची मजुरी घेत. ती घामाची, तिला हरकत नाही.

त्या दिवशी ओगले डॉक्टर त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसले. बाबांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"तुमी पैसे घेता?"

"पगार घेतो. वर भत्ताही घेतो."

"आन तरी औषध चालतं?"

"चालतं की."

"बरंय बुवा तुमचं," बाबा म्हणाले. "आमचं पैशानं बंद पडतं."

दोघेही हसले. मग बाबांनी सूप घेतलं, तांदूळ टाकले, जोड्या लावल्या. झुंबर कोपऱ्यात डोळे बारीक करून बघत होती. सगळ्या जोड्या लागल्या.

"पोरी, हे माझ्याकडचं नाय," बाबा तिला म्हणाले. "ह्या डॉक्टरकडचं हाय."

"त्याची गोळी मी खाणार नाय."

"माझ्या हातनं?"

तिनं बाबांचा तळहात उलटून-पालटून पाहिला. मग म्हणाली, "तुमच्या हातनं खाईन. तुमचा हात लबाड नाय."

तेव्हापासून सुरू झालं ते. महिन्याभरात तिला झोप लागायला लागली. पावसाळा गेला तोवर ती भाकरी आधी मला चाखायला लावायची थांबली. दिवाळीला तिनं स्वतः अंगण सारवलं, आणि मी शाळेतून आले तर शेजारणींबरोबर नागली कांडत गाणं म्हणत बसलेली. मी दारातच उभी राहिले. आत गेले असते तर ती थांबली असती असं वाटलं.

बाबांकडे मग असे आणखी लोक यायला लागले. पार घाटाखालून येत. बाबा दाणे टाकत आणि जोडी लागली की सांगत, "राजण्याला जा. गोळी घेऊन माझ्याकडं ये, अंगारा लावून देतो." डॉक्टर मला हसत म्हणायचे, "बाई, माझ्याकडे यायच्या आधी पेशंट तुमच्या सुपातून पास होऊन येतात." बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, दवाखान्याचा व्हरांडा भरून जायचा. आमच्या वाडीची भागाबाई राजण्याच्या बाजारात सुकट विकायला बसायची. तिचा नवरासुद्धा त्यात होता. ती म्हणायची, "बाबानं लई झाक केलं. घरात पातेली फेकायचा, आता पातेली घासतो."

दोन वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यात त्या दोन वर्षांएवढं निवांत मी कधी झोपले नाही.

मग एक दिवस डॉक्टर चढण चढून वाडीत आले ते थेट बाबांकडे गेले. बाबा उंबराखाली दोर वळत बसले होते. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते. पोरांचा पाढ्यांचा गलका चाललेला, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. डॉक्टर हात हलवून काही सांगत होते, बाबा मान हलवत होते, नको, नको. डॉक्टर उठून दोन पावलं गेले आणि परत आले. मग बाबांनी त्यांना काहीतरी विचारलं. डॉक्टर चटकन काही बोलले. बाबांनी दोराचा पीळ तसाच हातात धरून ठेवला होता. आणखी एकदा काही विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा उत्तर दिलं, या खेपेला हसत. मग बाबांनी मान डोलावली आणि दोर वळायला घेतला.

संध्याकाळी झुंबरबरोबर गेले तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर कशाला आले होते, बाबा?"

"यायच्या गुरवारी राजण्यात काय कार्येक्रम हाय. सायेब येनार हाय जिल्ह्याचा. मला बलावलंय."

"आमच्या बाबाचा सत्कार!" झुंबर टाळी वाजवत म्हणाली. "मी येनार. हिरवं लुगडं नेसून येनार. तुमी पण ते सदऱ्याचं भोक शिवून घ्या, सायबाला बेंबी दिसंल."

म्हातारी हसली. बाबा हसले नाहीत. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं, पण मला वाटलं लाजले असतील.

गुरुवारी आम्ही सगळे गेलो. दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. समोरच बाजार, त्यामुळे सुकटीचा नि गुळाचा वास मांडवात. लोक टोपल्या-पिशव्या घेऊन तसेच येऊन बसले. झुंबर पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात, केसांत अबोलीचा गजरा. स्टेजवर साहेब, डॉक्टर, दोन-तीन पुढारी आणि कडेच्या खुर्चीत चिंधूबाबा. खुर्चीत मागे टेकायची त्यांना सवय नव्हती, काठावर बसले होते. सदऱ्याचं भोक शिवलेलं होतं.

साहेब चांगलं बोलले. मनापासून बोलले, हे मी आजही म्हणेन. असा डॉक्टर आणि असा भगत जिल्ह्यात दुसरीकडे नाही, म्हणाले. बाबांना शाल घातली, नारळ दिला. झुंबरनं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की साहेबांनी तिच्याकडे बघून हात केला.

मग त्यांनी खिशातून लांबोळं पाकीट काढलं आणि ते माइकसमोर वर धरलं.

"पूर्वी या मंडळींना कोंबडं-नारळावर राबावं लागायचं," ते म्हणाले. "तो जमाना गेला. डॉक्टरला भत्ता मिळतो, मग चिंधूबाबांना का नको? आजपासून शासन यांना रोख मानधन देणार आहे. यांनी दवाखान्यात पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे! हा त्याचा पहिला हप्ता."

टाळ्या वाजल्या त्या स्टेजवरच वाजल्या. मांडवात एक लेकरू रडत होतं, त्याचाच आवाज काय तो. मी बाबांकडे बघत होते. माझी खात्री होती, बाबा हात जोडतील, नको म्हणतील. हसून बाजूला सारतील. सगळा मांडव त्याचीच वाट बघत होता.

बाबा उठले. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. दोन्ही हात पुढे केले आणि पाकीट घेतलं. देवाचा प्रसाद घेतात तसं नाही. जड काही घ्यावं लागतं तसं.

फोटो निघाला.

"अक्का," झुंबर माझ्या कानाशी म्हणाली, "परतेक रुग्णामागं म्हंजे?"

मी तिचा हात धरला.

"म्हंजे माझे पण मिळाले त्यांना?"

"झुंबर, घरी जाऊन बोलू."

"माझे पण हायेत त्या पाकिटात?"

मागून भागाबाईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "काय बाबा, दर काय ठरलाय? माणशी, का घराला मिळून?" कुणीतरी हसलं. एक म्हातारा उठला, थुंकला आणि टोपलं उचलून चालता झाला. त्याच्यामागून माणसं उठत गेली, हळूहळू, भांडण न करता, जेवणाची पंगत उठते तशी. डॉक्टर स्टेजवरून चक्रावल्यासारखे बघत होते. साहेबांना वाटलं असावं की बाजाराची वेळ झाली.

त्या दिवशी दिवेलागणीला झुंबर आपणहून बाबांकडे निघाली. माझा जीव भांड्यात पडला. मीही मागोमाग गेले. समई लावलेली होती. बाबा टोपलीपाशी बसले होते. त्यांनी नेहमीसारखी गोळी काढली, टाकाला लावली, अंगाऱ्यात घोळवली.

"तोंड उघड."

झुंबर त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"माझे किती आले?"

बाबांनी गोळी तशीच पुढे धरली.

"सांगा की. मी म्हाग, का भागाबाईचा दाल्ला म्हाग?"

"गोळी घे, पोरी. गोळी तीच हाय."

"गोळी तीच हाय," ती म्हणाली. "तिला कुठं काय म्हनते मी."

तिनं ती गोळी त्यांच्या बोटांतून अलगद घेतली आणि टोपलीत परत ठेवली. मग ताटलीतला चिमूटभर अंगारा घेतला आणि बाबांच्याच कपाळाला लावला. त्यांची म्हातारी "अगं" म्हणून उठायला लागली. झुंबरनं तिच्याकडे पाहिलंही नाही. उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल अक्का."

भात करपेल असं काही म्हणाली नाही.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. हातापाया पडले, रागावले, रडले. शेजारच्या गावच्या भगताकडे नेलं. त्यानं आधीच कानावर हात ठेवले, "चिंधूनं हात विकला, आता मला गुतवू नका." डॉक्टर म्हणाले, थेंब देतो, बिनवासाचे, आमटीत घाला, कळणार नाही. मी म्हटलं, कळलं तर ती माझ्या घरातून जाईल, आणि मी तिला शब्द दिलाय. त्यांनी मान खाली घातली. इंजेक्शन घेऊन ते स्वतः दोनदा वर आले, भर पावसात, चिखलात घसरत. दोन्ही वेळा त्यांचा चष्मा वळणावर दिसायचा अवकाश, ती रानात गेली. माणसं घालून धरता आली असती. यजमान म्हणाले होते, चौघं बोलावतो. मी तिच्या घोट्यांकडे बघितलं आणि नको म्हटलं.

बाबा रोज संध्याकाळी आमच्या ओट्याखाली येऊन उभे राहायचे. वर यायचे नाहीत. गोळीची पुडी मुठीत. मी दार उघडून बघायचे, ते माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचे, ते निघून जायचे. वाडीत त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. नुसतं त्यांच्याकडे जायचं बंद झालं. राजण्याला जाणंही हळूहळू बंद झालं, कारण पाठवणारंच कुणी उरलं नाही. सूप टांगून ठेवलेलं असायचं. भागाबाईच्या घरातून पुन्हा पातेल्यांचे आवाज येऊ लागले.

श्रावणात झुंबर पुन्हा भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरायला लागली. "आधी तू." मी खायचे. ती माझ्या गळ्याकडे बघत बसायची, घास खाली उतरतो का ते.

आमच्याकडे श्रावणात धुकं असं येतं की अंगणातली तुळस दिसत नाही. तशाच एका सकाळी मी गाईची धार काढत होते. झुंबर ओट्यावर उभी होती, डोक्यावर इरलं.

"अक्का, ऐक. कपिली हंबरती."

"आपली गाय आहे ती, झुंबर. ही बघ, माझ्यासमोर उभी आहे."

"ही नाय गं," ती म्हणाली. अगदी शांत, मला समजावल्यासारखं. "कपिली. कुनी गेलंच नाय तिला आनायला."

मी चरवी ठेवली आणि उठले. तेवढ्यात ती धुक्यात शिरली होती. मी हाका मारत धावले. तिनं एकदा ओ दिली, वरच्या अंगानं, कड्याकडून. चांगली मोठ्यानं, हसऱ्या आवाजात ओ दिली.

सगळी वाडी निघाली. धुकं निवळायला दुपार झाली. तिला खालून, ओढ्याच्या अंगानं जाऊन आणावं लागलं. इरलं मात्र वर करवंदीच्या जाळीत अडकून राहिलं होतं. ते बाबांनी काढून आणलं आणि माझ्या ओट्याच्या पायरीवर ठेवलं. तेव्हाही वर आले नाहीत.

दहाव्याला ओगले डॉक्टर आले होते. लांब उभे राहिले आणि तसेच परत गेले. त्यांची जागा त्या वर्षी कायम झाली. दवाखान्यावर नवा बोर्ड लागला, व्हरांड्यात नवे बाक आले. गुरुवारी बाजारातली कुत्री त्या बाकांखाली सावलीला बसायची. डॉक्टरांनी तिसरं वर्ष तसं काढलं आणि मग त्यांना पुण्याला बदली मिळाली. जायच्या आधी ते मला भेटायला शाळेत आले. पोरांना मी सुट्टी दिली होती. ते पोरांच्या बाकावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन.

"बाई, एक सांगायचं राहिलंय," म्हणाले. "सत्काराच्या आधी मी बाबांकडे आलो होतो, उंबराखाली."

"मी बघत होते."

"ते मानधन घेत नव्हते. अजिबात ऐकत नव्हते. मला वरून सांगितलं होतं की योजनेत स्थानिक भगत सामील झाला, त्यानं मानधन स्वीकारलं, तरच इथली जागा पुढे चालू राहील. नाहीतर भत्ता बंद, जागा बंद. ते मी त्यांना सांगितलं. तेव्हा त्यांनी विचारलं, 'म्हंजे मी नाय घेतलं तर तुमी जानार?' मी म्हटलं, मी तर जाईनच, माझ्यानंतरही इथे कुणी येणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग ते म्हणाले, 'मी घेतलं तर माझा हात उतरंल. मला एक सांगा डॉक्टर. माझ्या हातावाचून गोळी चालंल का?' मी म्हटलं..." ते थांबले. "मी म्हटलं, बाबा, गोळी गोळीच असते. कुणाच्याही हातानं घेतली तरी तेवढीच चालते. तर म्हणाले, 'नक्की ना?' मला हसूच आलं. मी म्हटलं, नक्की."

बाहेर पोरं उंबराखाली विटीदांडू खेळत होती.

"खोटं नव्हतं ते, बाई."

"नाही," मी म्हटलं. "खोटं नाही बोललात तुम्ही."

ते उठले. दारात जरा घुटमळले. मी त्यांना वळणापर्यंत पोचवून आले. आमच्याकडे पाहुण्याला पोचवायची रीत आहे.

परत येताना मी घरी गेले नाही, चिंधूबाबांकडे गेले. त्यांची म्हातारी तेव्हा नुकतीच वारली होती. बाबा एकटेच चुलीपाशी बसले होते. मी भिंतीवरचं सूप काढलं. त्यावर धूळ होती, ती पदरानं पुसली. मडक्यातले चिमूटभर तांदूळ घेतले आणि सूप त्यांच्यापुढे ठेवलं.

"काय हे, पोरी?"

"दाणे टाका, बाबा."

"माझा हात उतरलाय. तुला म्हाईत हाय."

"टाका तुम्ही."

"काय इचारायचंय?"

"झुंबरचं तुमच्याकडचं होतं का, तेवढं बघा."

त्यांना कळलं. खूप वेळ ते माझ्या तळहातावरच्या तांदळाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते घेतले, टाकावरून फिरवले आणि सुपात टाकले. दोन दाणे एकत्र सारले, मग आणखी दोन. मग बोट थांबलं. वाकून त्यांनी सुपात पाहिलं, झुंबर त्यांच्या तोंडात पाहायची तसं, अगदी जवळून. एका डोळ्यातून पाणी गळून सुपात पडलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"दिसत नाय काय," ते म्हणाले. "नुसता तांदूळ हाय, पोरी."